भुकेचा हिशेब मांडणारे डॉ. सुखात्मे

कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठाने सकाळी फिरणाऱ्यांच्या गप्पांत एक समजूत हमखास कानावर पडते. काकडी, कोबी, मुळा, दुधी यांसारख्या भाज्या पचविण्यासाठी शरीराला जितके उष्मांक खर्ची घालावे लागतात, तितके उष्मांक मुळात त्या भाज्यांत नसतातच. सबब त्या जितक्या अधिक खाव्यात तितके वजन उतरत जाते, अशी ही समजूत आहे. तिला शास्त्राचा आधार नाही. अन्न चावणे, जिरविणे, शोषून घेणे आणि साठविणे या कामी ऊर्जा खर्च होते हे खरे. प्रथिनांच्या बाबतीत हा खर्च त्यांतील उष्मांकांच्या २० ते ३० टक्के, पिष्टमय पदार्थांच्या बाबतीत ५ ते १० टक्के आणि तेलातुपाच्या बाबतीत फार तर ३ टक्के भरतो. १०० ग्रॅम काकडीत सुमारे १५ उष्मांक असतात. त्या पचविण्यात दीड-दोन उष्मांकांपलीकडे काही जात नाही. फ्रीजमधील थंडगार पाण्याचा एक पेला शरीराच्या तपमानाला आणण्यास लागणारी उष्णता मोजली तरी ती आठ उष्मांकांच्या घरातच राहते.

अमेरिकेतील काही संशोधकांनी २०१९ साली याचा प्रत्यक्ष पडताळाही घेतला. सेलरी ही पाश्चात्त्यांच्या आहारातील पाणीदार, तंतुमय भाजी. ती सरड्यांना खाऊ घालून त्यांनी सगळा जमाखर्च मांडला. पचनाचा खर्च आणि विष्ठेवाटे गेलेला भाग वजा केल्यावरही सुमारे चौथा हिस्सा उष्मांक सरड्याच्या पदरात पडले. काकडीने वजन उतरत असेल, तर ती पोटात जागा अडविते आणि तेवढी भाकरी कमी खाल्ली जाते म्हणून. काकडी स्वतः शरीरातून काही काढून नेत नाही.

समजूत चुकीची असली तरी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र पोकळ नाही. खाल्लेल्या अन्नातले शरीर किती जाळते आणि किती राखते, हे प्रमाण ठरलेले असते की बदलते? गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेले म्हशीचे दूध पिणारे दोन मल्ल एकाच तालमीतले असतात, खुराक सारखा असतो, जोर-बैठकाही सारख्याच असतात. तरी एकाचे अंग भरते आणि दुसऱ्याचे भरत नाही, हे कोणत्याही वस्तादाला पाठ असते. तालमीत हा कौतुकाचा नाही तर काळजीचा विषय. परंतु हाच प्रश्न एका देशातील भुकेल्यांची संख्या मोजताना विचारला गेला, तेव्हा त्याच्या उत्तरावर कोट्यवधी माणसे भुकेली ठरणार की धडधाकट ठरणार हे अवलंबून होते. तो प्रश्न विचारण्याचे धाडस ज्यांनी केले आणि ज्यांना त्यासाठी आयुष्याच्या उत्तरार्धात कठोर टीका सोसावी लागली, ते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे कोल्हापूरच्या शेजारच्याच सातारा जिल्ह्यातले.

२७ जुलै १९११ रोजी खटाव तालुक्यातील बुध या गावी सुखात्मे यांचा जन्म झाला. खटाव-माण हा पर्जन्यछायेतला मुलूख. कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या माणसाला ज्याची कल्पना करणे अवघड जावे असा कोरडेपणा तिथे आहे. पावसाने ओढ दिली की जोंधळ्याचे ताट वीतभरही वाढत नाही आणि वर्षाच्या भाकरीची चिंता दिवाळीपूर्वीच दारात उभी राहते. अशा भागात जन्मलेल्या या मुलाने पुढे पिकांची मोजणी आणि भुकेची मोजणी या दोनच विषयांना आयुष्य वाहिले.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली गणित हा मुख्य विषय घेऊन ते पदवीधर झाले आणि पुढील वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. संख्याशास्त्राच्या इतिहासातील तो सुवर्णकाळ होता. ईगॉन पिअर्सन, येर्झी नेमन आणि रोनाल्ड फिशर ही तीन मोठी नावे त्या काळात एकाच संस्थेच्या छपराखाली वावरत होती, आणि त्यांच्यातील वैरही तितकेच प्रसिद्ध होते. सुखात्मे यांनी दोन्ही बाजूंकडून विद्या घेतली. नेमन यांच्याकडून त्यांनी नमुना निवडीचे शास्त्र आत्मसात केले. लाखोंच्या समूहाबद्दल काही सांगायचे तर सर्वांना मोजण्याची गरज नसते, नीट निवडलेले थोडे नमुने पुरतात आणि त्यांत चूक किती असेल तेही सांगता येते, हे त्या शास्त्राचे सार होय. १९३६ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. पुढे १९३९ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एससी. ही पदवी दिली.

मायदेशी परतल्यावर ते बनारस हिंदू विद्यापीठात काम मिळावे म्हणून पंडित मदनमोहन मालवीय यांना भेटावयास गेले, अशी हकिकत सांगितली जाते. या गणिती विद्येचा देशातील भुकेल्या माणसाला काय उपयोग, अशा आशयाची विचारणा मालवीयांनी केली आणि पंचविशी उलटलेल्या त्या तरुणापाशी उत्तर नव्हते. नोकरी मिळाली नाही. प्रश्न मात्र सोबत आला. कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेत संख्याशास्त्राचे अध्यापन करताना त्यांचा आहारशास्त्राशी प्रथमच जवळून परिचय झाला.

१९४० साली ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. त्या काळी देशात किती धान्य पिकले हे ठरविण्याची पद्धत म्हणजे आणेवारी. गावकामगाराने बांधावर उभे राहून शेताकडे नजर टाकावी आणि पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आले ते सांगावे. सारामाफी या आकड्यावर ठरत असल्याने तो नेहमी कोणाच्या ना कोणाच्या सोयीचा असे. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळाने लाखोंचे बळी घेतले, तेव्हा हाती असलेल्या पिकाच्या आकड्यांवर किती विसंबावे हा प्रश्न सरकारपुढे उभा ठाकला. सुखात्मे यांनी आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी गावे, शेते व शेतातील तुकडे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून तेवढेच पीक प्रत्यक्ष कापून तोलण्याची पद्धत देशभर रुजविली. आज पीकविम्याच्या निमित्ताने शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला पीक कापणी प्रयोग हा शब्द त्याच कामाचा वारसा आहे. पानसे आणि सुखात्मे यांचे कृषी कार्यकर्त्यांसाठी लिहिलेले संख्याशास्त्रीय पद्धतींवरील इंग्रजी पुस्तक कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी अभ्यासले.

याच काळात त्यांचा प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी वाद झाला. महालनोबिस हे भारतीय संख्याशास्त्राचे अध्वर्यू, रवींद्रनाथांच्या वर्तुळातले, पुढे नेहरूंच्या विश्वासातले. अशा माणसाशी मतभेद दाखविणे सोपे नव्हते. पिकाचा अगदी लहान तुकडा कापून तोलला तरी पुरे, खर्चही वाचतो, असे महालनोबिस यांचे मत होते. सुखात्मे यांनी प्रयोग करून दाखविले की तुकडा जितका लहान तितके उत्पन्न खऱ्याहून जास्त भरते. कारण साधे होते. कापणारा माणूस सीमेवर येणारे ताट आत धरावे की बाहेर, या संभ्रमात ते बहुधा आतच धरतो. मोठ्या तुकड्यात ही चूक बुजून जाते, लहान तुकड्यात ती फुगते. १९४६ साली नेचर या विख्यात नियतकालिकात त्यांनी हे मांडले. सीमारेषा कोठे ओढली यावर आकडा कसा बदलतो, हा धडा त्यांनी जोंधळ्या-गव्हाच्या शेतात घेतला आणि तोच पुढे माणसांच्या बाबतीत त्यांच्यासमोर आला.

१९५० च्या दशकाच्या आरंभी संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक म्हणून ते रोमला गेले. तिथे त्यांनी जवळपास दोन दशके काम केले. या संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांनी जगातील दोनतृतीयांश माणसे भुकेली असल्याचे जाहीर केले होते. हा आकडा जगभर गाजला. मात्र तो काढताना एकेका देशाच्या सरासरी आहाराची तुलना सरासरी गरजेशी केलेली होती. सुखात्मे यांना यातली खोट चटकन दिसली. देशाची सरासरी पुरेशी असली तरी त्यातले पुष्कळ लोक उपाशी असू शकतात. उलट, सरासरी थोडी कमी आहे म्हणून त्या देशातला प्रत्येक जण उपाशी ठरत नाही.

त्यांनी घरोघरच्या आहार पाहण्यांचे आकडे गोळा केले. लोकसंख्येत आहाराचे वाटप कसे आहे ते मांडले आणि ज्या पातळीखाली गेल्यावर माणूस खात्रीने भुकेला म्हणावा अशी एक सीमारेषा त्यावर ओढली. जगातील १० ते १५ टक्के लोक पोटभर अन्नाला वंचित आहेत आणि भूक किंवा निकस आहार यांपैकी काही ना काही सुमारे निम्म्या लोकांच्या वाट्याला आले आहे, असा निष्कर्ष त्यांनी १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात काढला. १९६३ मध्ये सोसायटीने त्यांना गाय पदकाने गौरविले. भारत सरकारने १९७१ साली पद्मभूषण दिले.

त्यांचे यानंतरचे काम थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. १९६० च्या दशकात जगभर प्रथिनांच्या दुष्काळाची आवई उठली होती. गरीब देशांतील मुलांना भात-भाकरीतून प्रथिने मिळत नाहीत, सबब त्यांना माशांचे पीठ, तेलबियांची पेंड, दुधाची भुकटी पुरवावी, अशा योजना मोठमोठ्या संस्था आखीत होत्या. सुखात्मे यांनी भारतातील आहाराचे आकडे तपासले, तेव्हा त्यांना निराळेच दिसले. तृणधान्य आणि डाळ यांचा आपला नेहमीचा आहार पोटभर मिळाला तर त्यात प्रथिने बहुतांशी पुरेशी असतात. प्रथिनांची उणीव भासते ती मुख्यतः पोटच न भरणाऱ्यांना. कारण उष्मांक कमी पडले की शरीर स्नायू बांधण्यासाठी आलेली प्रथिने चुलीत घालते. घर बांधायला आणलेले सागवान थंडीत जाळावे तसे. म्हणजे उपाय महागड्या भुकटीत नव्हता. भाकरीला जोडून आमटी आणि त्या भाकरीची दोन वेळची शाश्वती यांत होता. पुढे १९७३ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने प्रथिनांची शिफारस खाली आणली आणि प्रथिनांच्या दुष्काळाची भाषा मागे पडली. या वादात सुखात्मे यांचे पारडे जड ठरले.

यापुढच्या वादाबाबत तसे म्हणता येत नाही.

रोमहून परतल्यावर त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत आपले संशोधन सुरू ठेवले. तोवर देशात दारिद्र्य मोजण्याचे काम उष्मांकांशी बांधले गेले होते. १९७१ साली पुण्यातील गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. रोज माणशी २,२५० उष्मांक मिळतील इतका खर्च ज्याला परवडत नाही तो गरीब, अशी त्यांची कसोटी होती. १९६०-६१ च्या किमतींनी ही रेषा खेड्यात दरमहा माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये पडली. खेड्यातील सुमारे ४० टक्के आणि शहरातील सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली आढळले. पुढे १९७९ साली नियोजन आयोगाच्या तज्ज्ञगटाने खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० उष्मांक हा निकष धरला. देशाचे सारे दारिद्र्य जणू एका ताटात येऊन बसले.

सुखात्मे यांचा आक्षेप या ताटावरच होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९६८ साली ५५ किलो वजनाच्या, मध्यम श्रम करणाऱ्या पुरुषाची गरज रोज २,८०० उष्मांक ठरविली होती. सुखात्मे विचारीत होते की हा आकडा एका माणसाला लावता येईल काय? इंग्लंडमध्ये एल्सी विडोसन यांनी १९३० च्या दशकातच दाखविले होते की सारख्या वयाच्या व सारखे काम करणाऱ्या दोन माणसांपैकी एक दुसऱ्याच्या दुप्पट खात असू शकतो आणि तरी दोघेही ठणठणीत राहतात. ब्रिटिश लष्करातील तरुणांचा आहार आणि श्रम रोजच्या रोज मोजले, तेव्हाही ज्या दिवशी मेहनत जास्त त्या दिवशी जेवण जास्त असे काही दिसेना. अमेरिकेत बर्कली येथे शेल्डन मार्जेन हे वैद्यक संशोधक तरुणांना कित्येक आठवडे बंदिस्त ठेवून मोजूनमापून तोच तो आहार देत होते. आहारात बदल नसतानाही शरीरातील नत्राचा जमाखर्च लाटेसारखा वरखाली होताना आढळत होता.

ही आकडेवारी सुखात्मे यांच्या हाती आली, तेव्हा त्यांच्यातील संख्याशास्त्रज्ञाला त्या लाटेत एक लय दिसली. आजचा जमाखर्च कालच्या जमाखर्चावर अवलंबून असतो. शरीर हे वितळमापी मशीन नसून स्वतःचा झरोका स्वतः उघडझाप करणारी भट्टी आहे, अशा प्रकारचा विचार त्यांनी आणि मार्जेन यांनी १९७८ व १९८२ मधील निबंधांतून मांडला. जास्त अन्न आले की शरीर थोडे उधळपट्टीने वागते आणि उष्णतेच्या रूपाने सोडून देते. कमी आले की काटकसर करते. वजन तेच, काम तेच, पण एका मर्यादेत खर्च आपोआप जमेशी जुळवून घेतला जातो. माणसामाणसांतील फरकाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक फरक एकाच माणसात आठवड्या-आठवड्याला पडतो, असा त्यांचा दावा होता.

या दाव्याचा अर्थ आकड्यांत फार मोठा होता. एकाच माणसाच्या गरजेतील चढउतार १५ टक्क्यांच्या आसपास धरला आणि संख्याशास्त्राच्या रिवाजाप्रमाणे दोन प्रमाण विचलने खाली उतरून रेषा ओढली, तर ती सरासरीच्या ७० टक्क्यांवर येते. म्हणजे २,८०० उष्मांकांच्या जागी सुमारे १,९६०. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्टीत देशातील कोट्यवधी गरीब राहत होते. वरच्या रेषेने ते भुकेले ठरत होते. खालच्या रेषेने ते सारे एका फटक्यात निरोगी ठरत होते.

उसाच्या फडाचा विचार केला तर या पट्टीचा अर्थ लवकर कळतो. दर हंगामात मराठवाड्यातून कोल्हापूर-सांगलीकडे येणारे कोयते, म्हणजे तोडणीला निघालेली नवरा-बायकोची जोडी, भल्या पहाटे थंडीत फडात उतरते. ऊस तोडायचा, पाला साळायचा, मोळी बांधायची आणि ती डोक्यावरून वाहनात भरायची. परिषदेच्या त्याच जुन्या तक्त्यात इतक्या कष्टाच्या कामाला पुरुषासाठी ३,९०० उष्मांक सांगितलेले होते. सरासरीच्या ७० टक्के म्हणजे २,७०० च्या आसपास. या दोन आकड्यांत साताठ भाकऱ्यांचे अंतर पडते. ते अंतर शरीर आपल्या आतल्या काटकसरीने भरून काढील काय, हा खरा वादाचा मुद्दा होता.

टीका चोहोबाजूंनी झाली, आणि ती बोचरी होती. सर्वांत नेमका हल्ला पुण्यातूनच आला. दांडेकर आणि सुखात्मे हे दोघेही आकड्यांच्या शास्त्रातून गरिबीकडे वळलेले, दोघांचीही कर्मभूमी पुणे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली या साप्ताहिकात त्यांच्यात दीर्घ वाद झडला. दांडेकर यांचा मुद्दा तर्काचा होता. एखाद्याचा आहार आठवड्या-आठवड्याला सरासरीच्या वरखाली होतो, यावरून तो माणूस कायमचा खालच्या टोकाला राहू शकतो असे सिद्ध होत नाही. ज्याला एका आठवड्यात कमी मिळाले त्याला दुसऱ्या आठवड्यात जास्त मिळते, म्हणून तर सरासरी टिकते. गरिबाचा पुढचा आठवडाही तसाच असतो. वादातील हा भाग वाचताना दांडेकर यांची बाजू अधिक भक्कम वाटते.

दुसरा हल्ला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक डॉ. सी. गोपालन यांचा. अल्प आहारावर वाढलेले मूल खुजे राहते, ते आजारी दिसत नाही, म्हणून त्याला लहान पण निरोगी म्हणावे, असा एक सिद्धांत अमेरिकन अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेकलर यांनी सुखात्मे यांच्या विचारांच्या आधारे पुढे आणला होता. गोपालन यांनी त्यावर कडाडून टीका केली. खुजेपणा ही तडजोड आहे आणि तिची किंमत कामाची ताकद, बाळंतपणातील जोखीम आणि पुढच्या पिढीचे जन्मवजन या रूपाने मोजावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. श्रीमंताच्या मुलाला जे माप लावतो ते गरिबाच्या मुलाला का लावू नये, हा त्यांच्या टीकेचा रोख होता.

शरीर काटकसर करते हे खोटे नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा येथे अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले आणि विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेचा खर्च जवळजवळ ४० टक्क्यांनी उतरला. मात्र त्यातला बराच वाटा शरीरच झिजल्यामुळे होता. उरलेली काटकसर त्या तरुणांनी सुस्ती, चिडचिड, थंडी वाजणे आणि कशातच मन न लागणे या रूपाने सोसली. वजन आणि काम दोन्ही जसेच्या तसे ठेवून केवळ आतला झरोका लावून घेण्याची शरीराची क्षमता सुखात्मे यांनी धरली होती तितकी मोठी नाही, असेच पुढील मोजणीत दिसून आले. १९८५ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या अहवालाने तर गरज ठरविताना माणूस किती खातो हे न पाहता तो किती खर्च करतो ते मोजावे, असा पवित्रा घेतला.

सुखात्मे यांच्यावर अन्याय झाला तो दुसऱ्याच बाबतीत. गरिबांना कमी अन्न पुरते असे सांगणारा सुखवस्तू विद्वान, अशी त्यांची प्रतिमा या वादात रंगविली गेली. वस्तुतः ते विचारीत होते की नुसते धान्य वाटून भूक हटेल काय. दूषित पाण्याने आतड्याला संसर्ग झालेल्या मुलाच्या पोटात गेलेले अन्न अंगी लागतच नाही. तेव्हा पिण्याचे शुद्ध पाणी, शौचाची सोय आणि आरोग्य यांवरचा खर्च हाही अन्नावरचाच खर्च समजावा, असे ते आग्रहाने मांडीत राहिले. काकडी जे करू शकत नाही ते हगवण करते. घेतलेल्याहून अधिक ती शरीरातून काढून नेते. खेडोपाडी पाणी आणि स्वच्छतेचा कुपोषणाशी असलेला संबंध आज सरकारी योजनांत गृहीत धरला जातो. सत्तरच्या दशकात तो ठणकावून सांगणारे फार थोडे होते.

उष्मांकांवर बेतलेल्या दारिद्र्यरेषेवरचा त्यांचा अविश्वासही पुढे वेगळ्या वाटेने मान्य झाला. २००९ साली सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने दारिद्र्यरेषेची उष्मांकांशी घातलेली गाठ सोडविली आणि शिक्षण व आरोग्यावरील खर्चही विचारात घेतला. तिची कारणे सुखात्मे यांच्याहून निराळी होती. दांडेकर १९९५ मध्ये निवर्तले. सुखात्मे यांचे निधन २८ जानेवारी १९९७ रोजी झाले. ते तेव्हा ८५ वर्षांचे होते.

केंद्र सरकारने २००० साली संख्याशास्त्रातील दीर्घ कामगिरीसाठी त्यांच्या नावे राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला. तो २९ जून या राष्ट्रीय सांख्यिकी दिनाशी जोडला गेला. हा दिवस म्हणजे महालनोबिस यांची जयंती. पिकाच्या तुकड्यावरून भांडलेल्या दोघांची नावे अशी एका व्यासपीठावर आली. रोमची अन्न व शेती संघटना जगातील भुकेल्यांचा जो आकडा दरवर्षी प्रसिद्ध करते, तो काढण्याची मूळ रीत १९६१ च्या त्या निबंधातली आहे. आहाराच्या वाटपाचा आलेख काढायचा आणि त्यावर किमान गरजेची रेषा ओढायची. रेषा नेमकी कोठे ओढावी यावर तज्ज्ञांचे अजूनही एकमत नाही. भारतात वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली आपला आदर्श पुरुष ५५ किलोंवरून, मधल्या ६० किलोंच्या टप्प्यानंतर, ६५ किलोंवर नेला आणि मध्यम श्रमासाठी त्याची रोजची गरज २,७१० उष्मांक ठरविली.